कॅप्टन केलंय सर, पण कुणी ऐकंना

प्रश्न: सर नमस्कार. मी बीड जिल्ह्यातली, सध्या छत्रपती संभाजीनगरला होस्टेलवर राहून बीए सेकंड इयर करतेय. आईबाबा ऊसतोडीला जातात त्यामुळं लहानपण अर्धं आज्जीजवळ अर्धं फडावर गेलं, कुठल्याच शाळेत धड मैत्रिणी झाल्या नाहीत. कॉलेजात कबड्डी खेळायचे म्हणून सरांनी रग्बीत ओढलं आणि खरं सांगते, पहिल्यांदाच वाटलं की आपणही कुणाच्यातरी आहोत. प्रॅक्टिस चुकवली तर पोरी रूमवर येऊन पांघरूण ओढतात. आता यंदा मला कॅप्टन केलंय आणि तिथूनच सगळं बिनसलं. सीनियर ऐकत नाहीत, परवा ओरडले तर म्हणाल्या, "मुकादम झालीस का गं?" रात्रभर झोप नाही. मॅचमध्ये काय बोलावं तेच सुचत नाही. कॅप्टनशिप सोडून नुसतं खेळू का?

उत्तर: सोडू नको. आधी त्या मुकादमाचंच बघू कारण तुझं घोडं तिथंच अडलंय. टोळी मुकादमाचं ऐकते ते त्यानं उचल दिलेली असते म्हणून, कारखाना सुरू व्हायच्या आधीच पैसे घेतलेले, मग बोलणार कोण. तुझ्याकडं कसली उचल आहे? टीमसुद्धा सर लावतात. त्यामुळं पोरी टोचून बोलल्या हे चुकलंच त्यांचं, पण नुसत्या ओरडण्यानं त्यांनी का ऐकावं, तेवढं त्यांचं बरोबर हाय.

आता फडावरचंच दुसरं आठव. रात्री गाडी भरायलेत, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून चढणाऱ्याला पायाखालचं दिसत नाही, मान तर हलवताच येत नाही, तेव्हा खालून कुणीतरी सांगतं, फळी ओली हाय, पाय आत घे. सांगणारी तुझ्यासारखी बारकी पोरगी असली तरी मोठा बाप्या मुकाट्यानं ऐकतो, कारण त्याला दिसत नाही ते तिला दिसायलंय. रग्बीत बोलायचं ते असंच. बॉल हातानं पुढं टाकता येत नाही, मागंच द्यावा लागतो, पण जिच्या हातात बॉल आहे तिचे डोळे समोरून येणारीवर, मागं कोण आलंय तिला काय कळणार? मागून "डावीकडं हाय!" असा आवाज आला तर पास, नाहीतर ती बिचारी बॉल पोटाशी धरून खाली. डिफेन्सलाही तेच, "माझी!" म्हणून ओरडलं नाही की दोघी मिळून एकीवरच तुटून पडतात, शेजारची मोकळी पळते आणि पाच पॉइंट घेऊन जाते. म्हणून "नीट खेळा गं", "जीव लावा गं" हे बंद कर, ते सगळ्यांना माहीत असतं. दुसरीला दिसत नाही तेवढंच बोल.

माझंच सांगतो. मीही कबड्डीतून आलेला. पहिल्या मॅचला समोरच्याचा घोटा धरला, तो पडला, मला वाटलं झाली पकड, आता सोडतोय होय, तर रेफरीची शिट्टी. पुन्हा धरला, पुन्हा शिट्टी. रग्बीत खाली पाडलं की लगेच सोडावं लागतं हे मला सांगितलेलं होतं, डोक्यात होतं पण हाताला माहीत नव्हतं. तिसऱ्यांदा आमचा कॅप्टन, तसा मुलखाचा अबोल माणूस, कानाशी येऊन फक्त "सोड" म्हणाला. मग मॅचभर हेच, मी पाडायचो आणि तो मागून "सोड". त्यानं मला दिवसभरात दहा-बारा शब्द दिले असतील, सगळे एकच. हरलो आम्ही, चांगलेच हरलो, पण शिट्ट्या थांबल्या.

आणि सगळं आपल्यालाच करायचंय हेही डोक्यातून काढ. 2023 च्या रग्बी वर्ल्डकपची फायनल मिळाली तर बघ, दक्षिण आफ्रिका आणि न्यूझीलंड. आफ्रिकेचा कॅप्टन सिया कोलिसी, हाही आज्जीनं वाढवलेला, गरिबीतला, 2018 मध्ये त्यांच्या टीमचा पहिला कृष्णवर्णीय टेस्ट कॅप्टन, म्हणजे देशादेशांतल्या मॅचचा कॅप्टन झाला आणि 2019 चा कप घेऊन आला. तर ह्या फायनलमध्ये त्यालाच यलो कार्ड, दहा मिनिटं बाहेर खुर्चीवर. त्याच्याही आधी न्यूझीलंडचा कॅप्टन सॅम केन रेड कार्ड घेऊन कायमचा बाहेर. दोन्हीकडचे कॅप्टन नुसते बघत बसलेत आणि मॅच चाललीय! 12-11 नं आफ्रिका जिंकली, आणि न्यूझीलंड एवढा वेळ एक माणूस कमी असून एकाच पॉइंटनं हरलं. बाहेर बसल्यावरही टीम चालली पाहिजे, कॅप्टननं आधी करून ठेवायचं ते हे.

म्हणजे तू काय करायचं? पहिल्यांदा तुझं पांघरूण ओढायला आलेली कोण होती? सीनियरच असणार. तिच्याकडं एकटी जा, सगळ्यांसमोर नको, कॅन्टीनला चहा पाज आणि सांग की डिफेन्सची लाइन पुढं कधी न्यायची तो आवाज तुझा, मला एकटीला जमंना. खरंच जमत नाही, त्यात कमीपणा कसला. बघ, बहुतेक ती म्हणेल इतके दिवस का नाही सांगितलंस. दुसरीला किकऑफचं बघायला दे. तुझ्याकडं दोनच गोष्टी ठेव. एक म्हणजे रेफरीशी बोलणं, ते कॅप्टननंच करायचं असतं आणि हळू आवाजात, बाकीच्यांनी तोंड घातलं की पेनल्टी आपल्याच अंगावर येते. दुसरं म्हणजे हाफटाइम. सेव्हन्सला, म्हणजे सात-सात जणींच्या रग्बीला, सात-सात मिनिटांचे हाफ आणि मध्ये दोन मिनिटं, त्यातलं एक पाणी पिण्यातच जातं, तेव्हा एकच गोष्ट सांगायची. दोन सांगितल्या की पोरी दोन्ही विसरतात, माझा अनुभव आहे.

मुकादम म्हणणाऱ्या पोरीला फडावरचं माहीत नसेल तर एकदा सांगून टाक, की हा शब्द मला का लागला. टीममध्ये एवढं बोलता आलं पाहिजे.

प्रश्न: मुलगी रग्बी खेळून ओठ फाटून आली, तीन टाके पडले. बंद करावं का? एक पालक, जालना.

उत्तर: माउथगार्ड घातलेलं का ते आधी विचारा. नसेल तर घेऊन द्या, तोवर अंगावर येणारा खेळ बंद, पासिंग करू द्या. टॅकल, म्हणजे समोरच्याला धरून पाडणं, शिकवायला कोण आहे आणि डोकं बाजूला ठेवून, कंबरेखाली धरायला शिकवतात का हे स्वतः मैदानावर जाऊन बघा, बाहेरूनही कळतं. डोक्याला मार लागून गरगरलं, उलटी झाली किंवा स्कोअर आठवेना तर त्या दिवशी पुन्हा खेळायचं नाही आणि थेट डॉक्टरकडं, तिथं तिची रडारड ऐकू नका. ओठाचं काय, भरून येईल. फक्त टाके काढायला जाल तेव्हा जिन्यावरून पडली असं सांगू नका डॉक्टरला, रग्बी म्हणूनच सांगा.