इन्फ्रारेड फोटोंसाठी ७२० नॅनोमीटरला कन्व्हर्ट केलेल्या कॅमेऱ्यातून रावेरच्या केळीबागांचे फोटो लालभडक का येतात?

कॅमेरा बिघडलेला नाही, व्हाइट बॅलन्स (पांढरं ते पांढरं दिसावं म्हणून रंग जुळवणारी सेटिंग) ऑटोवर राहिलाय म्हणून फोटो लाल येतात. कन्व्हर्ट करताना सेन्सरसमोरचा इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर काढून ७२० नॅनोमीटरचा बसवतात; मग आत येतो तो डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड आणि थोडासा गडद लाल प्रकाश, आणि तो सगळ्यात जास्त पकडतो लाल चॅनेल. भर उन्हातल्या केळीच्या पानांनीच फ्रेम भरून कस्टम व्हाइट बॅलन्स घ्या. पानं पांढरी दिसतील, आकाश तपकिरी. पुढे एडिटिंगमध्ये लाल आणि निळ्या चॅनेलची अदलाबदल केली की आकाश निळं होतं. फोटो रॉमध्येच (सेन्सरचा सगळा डेटा ठेवणाऱ्या फाइलमध्ये) काढा. लाइटरूम या एडिटिंग सॉफ्टवेअरचा व्हाइट बॅलन्सचा स्लायडर २००० केल्विनच्या खाली जात नाही आणि इन्फ्रारेडला तेवढं पुरत नाही, त्यामुळे तिथे वेगळं कॅमेरा प्रोफाइल (रंग कसे वाचायचे ते सांगणारी फाइल) लागतं (ही कटकट एकदाच). दुपारचं कडक ऊन, जे एरवी फोटोग्राफर टाळतात, ते इथे कामाचं.

एक मात्र आहे: पांढरं उजळतं ते हिरवं, रसरशीत पान. मे महिन्यातल्या सातपुड्याच्या वाळक्या उतारावर ही जादू फारशी दिसणार नाही. तिथे पावसाळा सरता सरता जा. आणि फोटोच्या मधोमध पांढुरका डाग आला तर तो दोष लेन्सचा, लेन्सचं छिद्र (ॲपर्चर) थोडं मोठं करून पाहा.