वनीकरण नेमके कशाचे?

आमच्या गावच्या फलकावर ‘५०० झाडांचे वनीकरण’ असे लिहिले आहे. शाळेच्या अहवालात त्याच कामाला ‘वृक्षारोपण’ म्हटले आहे. दोन्ही शब्दांचा अर्थ एकच का?
(एक शिक्षिका, दहिवडी)

एकच नाही, आणि फलकावरची रचना चुकलेली आहे. शुद्धीकरण पाण्याचे होते, रुंदीकरण रस्त्याचे होते. ज्याची अवस्था बदलायची, त्याला ‘-चे’ लागते. संस्कृत व्याकरणात या घडणीला च्वि प्रत्यय म्हणतात आणि त्याचा अर्थ ‘अभूततद्भाव’ असा सांगतात, म्हणजे जे आधी तसे नव्हते ते तसे होणे. पाणी शुद्ध नव्हते, ते शुद्ध झाले. जमीन वन नव्हती, ती वन झाली. झाड तर आधीपासून झाडच असते. वन व्हायचे असते ते जमिनीला. म्हणून ‘गायरानाचे वनीकरण’ बरोबर, ‘डोंगरउताराचे वनीकरण’ बरोबर, आणि झाडांची ‘लागवड’ किंवा ‘रोपण’.

वृक्षारोपण म्हणजे वृक्ष + आरोपण. आरोपण म्हणजे रोवणे. ‘वृक्षरोपण’ हेही चूक नाही. पण ‘वृक्षारोपण लावले’ असे बातम्यांत येते ते टाळावे. वृक्षारोपण करतात, रोपे लावतात.

फरक नुसता व्याकरणाचा नाही. वृक्षारोपण एका सकाळी उरकते, वनीकरणाला वर्षे लागतात. भारतीय वन सर्वेक्षण संस्था वनाच्छादन मोजते, तेव्हा किमान १ हेक्टर क्षेत्र आणि त्यावर किमान १० टक्के झाडांची सावली असे माप धरते. तुमची ५०० रोपे ३ × ३ मीटरवर लावली असतील, तर ती ४,५०० चौरस मीटर, म्हणजे ४५ आर जागा व्यापतात. एकही रोप मेले नाही तरी निम्मा हेक्टर भरत नाही. काम चांगलेच आहे, पण फलकावर ‘५०० रोपांची लागवड’ लिहावे. आणि खाली दरवर्षी जिवंत रोपांचा आकडा रंगवावा. गावाला खरे काय चालले आहे ते त्यातूनच कळते.

‘वनीकरण’ की ‘वनिकरण’?
(कराड)

वनीकरण. ‘-करण’च्या आधीचा अ याच घडणीत दीर्घ ई होतो: स्पष्ट, स्पष्टीकरण, वन, वनीकरण. उलट क्रियेला ‘निर्वनीकरण’ म्हणतात. तो शब्द भूगोलाच्या पुस्तकात ठीक आहे; बोलताना ‘जंगलतोड’ अधिक नेमका, कारण तोडणारा त्यात दिसतो.

सागरेश्वरला वनीकरण झाले म्हणावे की पुनर्वनीकरण?
(कडेगाव)

सागरेश्वरच्या उजाड डोंगरांवर वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या पुढाकाराने झाडी उभी राहिली, हरणे सोडली गेली आणि १९८५ मध्ये अभयारण्य जाहीर झाले. क्षेत्र १०.८७ चौरस किलोमीटर. काम सुरू झाले तेव्हा डोंगर बोडके होते, म्हणून रोजच्या मराठीत ‘वनीकरण’ अगदी योग्य.

दोन शब्दांत काटेकोर भेद लागतो तो कार्बनच्या हिशेबात. हवामानबदलावरच्या क्योटो कराराच्या नियमांत निदान ५० वर्षे वन नसलेल्या जमिनीवर वन उभारणे हे वनीकरण. पूर्वी वन होते, नंतर तुटले आणि १९८९ च्या अखेरीस तिथे वन नव्हते, अशा जागी पुन्हा वन आणणे हे पुनर्वनीकरण. कार्बनच्या हिशेबाचा अहवाल लिहायचा नसेल, तर ५० वर्षांचा हिशेब काढत बसू नये.

‘नैसर्गिक पुनरुत्पादन’ हा मात्र तिसराच प्रकार आहे, आणि लोक तो विसरतात. जमिनीत खुंट जिवंत असतील, तर कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पुरते. उसाच्या खोडव्याला यावेत तसे खुंटांना फुटवे येतात. प्रत्येक खुंटावर एकदोन जोमदार फुटवे ठेवून बाकीचे काढले की झाड लवकर सरळ वाढते. त्याला खड्डा नको, रोप नको. असे खुंट उपटून तिथे नवी रोपे लावणे म्हणजे जिवंत मुळे फेकून मरतुकडी आणणे.

‘रान’, ‘वन’, ‘जंगल’ यांत काय फरक?
(शिराळा)

आपल्याकडे ‘दादा रानात गेलाय’ म्हणजे शेतात गेलाय. म्हणून सातारा-सांगलीत ‘रान वाढवा’ असे आवाहन केले, तर ऐकणारा ऊस वाढवायचा समजेल. ‘वन’ हा कायद्याचा आणि कचेरीचा शब्द. ‘राई’ म्हणजे दाट झाडी, मग ती आमराई असो की देवराई. ‘जंगल’ची कुळकथा वेगळीच आहे: संस्कृतात ‘जाङ्गल’ म्हणजे कमी पाण्याचा, विरळ झाडांचा मोकळा प्रदेश. आयुर्वेदात ‘आनूप’ म्हणजे पाणथळ, आणि त्याच्या उलट ‘जांगल’. त्या जुन्या अर्थाने माण-खटाव-आटपाडी हाच जांगल देश, कोयनेचे खोरे नव्हे.

आमच्याकडच्या सड्यावर झाडे लावली तर ते वनीकरणच ना?
(मेढा)

शब्दार्थाने होईल, पण करू नये. सडा म्हणजे जांभ्या खडकाचे पठार. त्यावर माती फार तर काही बोटे. कासची फुले त्या पातळ मातीवर, पावसाच्या साचलेल्या पाण्यात आणि मोकळ्या उन्हात येतात. सावली पडली, पालापाचोळा साचला की ती हटतात. खड्डा घ्यायला खडक फोडला, तर पाणी साचायची जागाच बदलते. माणदेशातल्या गवताळ माळांचेही तेच. तिथले गवत मेंढरांचे, लांडग्यांचे आणि चिंकाऱ्यांचे आहे. कागदोपत्री ‘पडीक’ लिहिले म्हणून जमीन रिकामी नसते. वनीकरण उजाड झालेल्या वनजमिनीचे करावे. मुळातच मोकळ्या असलेल्या जमिनीला ‘कुरण’ किंवा ‘माळ’ हा तिचा शब्द राहू द्यावा.

दरवर्षी जूनमध्ये रोपे लावतो, पुढच्या उन्हाळ्यात वाळतात. ‘जगवणूक’ कशी साधायची?
(जत)

शब्द चांगला वापरलात. लागवडीपेक्षा जगवणुकीवरच सगळे ठरते.

जत-आटपाडीकडे जूनच्या सरींनंतर जुलैत वारा आणि उघडीप असते. भरवशाचा पाऊस बहुधा सप्टेंबरमध्ये येतो. पहिल्या सरीला लावलेले रोप त्या उघडिपीत कोमेजते. टिकाव मारून पाहावे, ओल निदान एक फूट खाली गेली असेल तरच लावावे. खड्डे उन्हाळ्यातच ४५ × ४५ × ४५ सेंटिमीटरचे घेऊन तापू द्यावेत. भरताना वरची माती आणि एक घमेले कुजलेले शेणखत घालावे. तळाचा मुरूम बाहेरच ठेवून उताराच्या बाजूला त्याचा अर्धचंद्र बांध घालावा. ३ × ३ मीटरला हेक्टरी १,१११ रोपे बसतात. पाणी नसेल तर ४ × ४ मीटर बरे, म्हणजे ६२५.

सर्वांत जास्त रोपे मरतात ती पिशवीमुळे. पिशवी फाडून बुडाकडे पाहा. रोप पिशवीत फार दिवस राहिले असेल, तर तिथे मुळांची चुंबळ झालेली दिसते, डोक्यावर घागरीखाली ठेवतात तशी. ती तशीच खड्ड्यात गेली, तर मुळे गोल फिरतच राहतात, खाली ओलीकडे जात नाहीत. रोप हिवाळाभर हिरवे दिसते आणि एप्रिलमध्ये वाळते. दोष उन्हाला दिला जातो. म्हणून बुडाची दोन बोटे जाडीची चुंबळ धारदार विळ्याने कापून टाकावी, पिशवी पूर्ण काढावी, बाकीचा मातीचा गोळा फुटू देऊ नये. मुळाची मान, म्हणजे मूळ आणि खोड जुळतात ती जागा, जमिनीच्या पातळीला ठेवावी; खोल गाडली तर साल कुजते.

कडुनिंब, करंज, खैर, बोर, हिवर, आपटा ही तिथली झाडे. पावसाळा संपताना भोवतीचे मीटरभर गवत खुरपून आळ्यावर अंथरावे. नांग्या, म्हणजे मेलेल्या रोपांच्या रिकाम्या जागा, पुढच्या पावसात भरून घ्याव्यात. होळीच्या आत जाळरेषा, म्हणजे आग अडवणारी गवत काढलेली पट्टी, साफ हवी, नाहीतर एका वणव्यात तीन वर्षांचे काम जाते.

‘राखीव वन’ आणि ‘संरक्षित वन’?
(वाई)

१९२७ च्या भारतीय वन अधिनियमातले शब्द आहेत. राखीव वनात परवानगी असेल तेवढेच करता येते. संरक्षित वनात मनाई असेल तेवढे सोडून बाकी करता येते. ‘सामाजिक वनीकरण’ या दोन्हींच्या बाहेर, रस्त्याकडेला, कालव्याकाठी, गायरानावर आणि शेताच्या बांधावर चालते. महाराष्ट्रात त्यासाठी १९८२ मध्ये वेगळा विभाग झाला. आपल्या गावची जागा यांपैकी कशात मोडते, ते तलाठ्याकडे सातबारा पाहून आधी ठरवावे आणि मगच खड्डे घ्यावेत.