जुन्या लॉराला ऑइल कुठलं?

जुनी स्कोडा लॉरा १.९ टीडीआय (डिझेल) घेतलीत, मस्त. ऑइल घेताना ब्रँड नंतर बघा, आधी डब्यामागचं लेबल वाचा. तिथे ‘व्हीडब्ल्यू ५०५.०१’ (स्कोडाच्या मालक फोक्सवॅगनचा ऑइलचा दर्जा-क्रमांक) लिहिलेलं हवंच. या पीडी (पंप आणि इंजेक्टर एकत्र असलेल्या) इंजिनात प्रत्येक सिलिंडरचा इंजेक्टर कॅमशाफ्टच दाबतो, त्यामुळे कॅमवर प्रचंड भार येतो. भलतं ऑइल पडलं की कॅमचे लोब (उंचवटे) झिजतात, आणि तो खर्च ऐकूनच घाम फुटतो. नुसतं ५०५.०० चालत नाही, मेकॅनिक कितीही ‘सगळं सेमच असतं साहेब’ म्हणाला तरी. ५०७.०० चालतं, पण ते महाग. गाडीला डीपीएफच (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) नाही, तर त्याचे पैसे कशाला मोजायचे? ५०५.०१ चं ५डब्ल्यू-४० (हा ऑइलच्या दाटपणाचा आकडा) बास.

दोन लाख किलोमीटर झालेली गाडी थोडं ऑइल खाणारच. तेवढ्यासाठी जास्त दाट २०डब्ल्यू-५० ओतू नका, थंडीत सकाळी ते वर चढायला वेळ घेतं. सीलबंद डबा स्वतः आणा, समोर उघडायला लावा. ऑइल फिल्टर ‘मान’ किंवा ‘माहले’ कंपनीचा. डिपस्टिक मात्र पंधरवड्याला बघायची: सपाट जागा, इंजिन बंद करून पाच मिनिटांनी.