जर्मनीतल्या जुन्या शेतवाड्यांवर मालकाच्या कुटुंबाखेरीज आणखी जे लोक राहत, ते कोण होते? कुळं की मजूर?

दोन्ही. वायव्य जर्मनीत, म्हणजे ओस्नाब्रुक आणि वेस्टफालियाच्या भागात, त्यांना ‘हॉयरलिंग’ म्हणत. तिथे शेताची वाटणी होत नसे. अख्खी वाडी एकाच वारसाकडे जायची. मग उरलेल्या भावंडांनी करायचं काय? त्यांतले बरेच कुणाच्या तरी वाडीवर छोटं घर आणि जमिनीचा तुकडा घेऊन राहत. खंड रोख द्यायचाच, वर मालकाचं बोलावणं आलं की हातातलं काम टाकून त्याच्या शेतावर जायचं. मला यातली हीच गोष्ट सर्वांत जाचक वाटते, कारण बोलावणं नेमकं सुगीतच यायचं, स्वतःचं पीक उभं असताना.

पोट भरायला ते घरी तागाचं कापड विणत, उन्हाळ्यात गवत कापायला हॉलंडला जात. १९व्या शतकात गावची सामाईक कुरणं वाटली गेली. वाटा मिळाला जमीनमालकांना, आणि यांच्या गाईला चरायला जागा उरली नाही. त्यातच गिरणीच्या कापडाने हातमाग बंद पाडले. हजारो कुटुंबं अमेरिकेला गेली. दुसऱ्या महायुद्धानंतर कारखान्यांत कामं मिळू लागली, ट्रॅक्टर आले आणि ही पद्धत संपली. अशी जुनी घरं वायव्य जर्मनीतल्याच क्लोपेनबुर्गच्या खुल्या आवारातल्या संग्रहालयात बघायला मिळतात.