सायकलिंग नव्यानेच सुरू करतेय, पहिली सायकल कोणती घेऊ?

साधी हायब्रिड (रोड बाइक आणि माउंटन बाइक यांच्या मधली सायकल) घ्या, ३२ ते ४० मिमी टायरची आणि पुढे सस्पेन्शन नसलेली, कारण डांबरी रस्त्यावर त्याचा फारसा उपयोग नाही, वजन मात्र उगाच वाढतं. ‘लेडीज’ लिहिलंय का ते सोडा (बऱ्याचदा नुसता रंगच वेगळा असतो), फ्रेमचा साइज बघा. दुकानात दांडा मधे घेऊन दोन्ही पाय जमिनीवर टेकवून उभ्या राहा, वर दोन-तीन बोटं जागा राहिली पाहिजे, मग सीटवर बसून टाच खालच्या पेडलवर ठेवा, पाय सरळ झाला की सीटची उंची बरोबर. फक्त प्रत्येक कंपनीची मापं वेगळी असतात, तेव्हा चक्कर मारल्याशिवाय घेऊ नका. आणि रोजचा रस्ता कच्चा, खडकाळ असेल तर एमटीबी, म्हणजे माउंटन बाइकच बघा.