मळीच्या रानात आडसाली लावायची का?

तुमचे दोन प्रश्न आहेत: शिरोळ तालुक्यात पंचगंगेकाठच्या दोन एकर मळीत (नदीकाठच्या गाळाच्या रानात) यंदा पुन्हा आडसाली, म्हणजे जुलैत लावून दीडेक वर्षानं तुटणारा ऊस, लावावी का, आणि पूर टाळायला कोयना धरण आधीच रिकामं का ठेवत नाहीत. पहिल्याचं उत्तर सोपं आहे. लावू नका.

ऊस नुसता पाण्यात उभा राहिला म्हणून लगेच मरत नाही, शेंडा बुडाला की मरतो. शेंडा वर असला तर चार-पाच दिवसांचं पाणी तो बऱ्यापैकी सोसतो. पण पोंग्यात (शेंड्याच्या कोवळ्या गाभ्यात) गाळ बसला की पोंगा कुजतो, कांड्यांवरचे डोळे फुटून पांगशा (बाजूचे कोंब) येतात आणि वजन, साखरेचा उतारा दोन्ही गेलं. जुलैत लावलेली आडसाली पहिल्या पुराला वीतभरच असते, वर कारखान्याला जाईपर्यंत ती दोन पावसाळे बघते. टनेज जास्त पडतं म्हणून मोह होतो, कबूल. पण पूर्वहंगामी लागण ऑक्टोबरात वाफसा आल्यावर (रान मशागतीजोगं सुकल्यावर) केली तर एकच पावसाळा येतो, आणि तेव्हा ऊस डोक्याच्या वर गेलेला असतो. 2019 सारखं पाणी आलं तर तोही वाचायचा नाही, पण तेवढं पाणी दरसाल येत नाही. ऑक्टोबरपर्यंत रानात धैंचा हे हिरवळीचं खत टाका. तो पाण्यात तग धरतो, गाडला की खत होतं आणि क्षारपड होत चाललेल्या रानाला बराच फायदा होतो.

आता कोयना. कृष्णेच्या खोऱ्यातलं हे धरण 105 टीएमसीचं (अब्ज घनफुटांचं), पण ते वीज आणि साठ्यासाठी बांधलंय. जुलैअखेर रिकामं ठेवलं आणि ऑगस्टनं दगा दिला तर? 2023 चा ऑगस्ट देशात 1901 पासूनचा सगळ्यात कोरडा ठरला आणि त्या साली कोयना पूर्ण भरलीच नाही. आधी पाणी सोडलं असतं तर उन्हाळ्यात टेंभू-म्हैसाळ या कृष्णेवरच्या उपसा योजनांवरच्या शेतकऱ्यांनी काय केलं असतं? उलट 22 जुलै 2021 ला महाबळेश्वरात एका दिवसात 600 मिमीच्या आसपास पाऊस पडला. तेव्हा कोयनेत जागा होती, तरी पूर आलाच. धरणांच्या खालच्या मुक्त पाणलोटातला पाऊस कोण अडवणार? त्यात नृसिंहवाडीला, जिथं पंचगंगा कृष्णेला मिळते, कृष्णा चढलेली असली की पंचगंगेचं पाणी उतरतच नाही, फुगवटा मागं सरकतो. (कर्नाटकातल्या आलमट्टी धरणामुळं पूर वाढतो का, या वादात मी पडत नाही, ते भांडण ऊस तुटेपर्यंत संपत नाही.)

हवा एक अंशानं तापली की साधारण 7 टक्के जास्त बाष्प धरते. म्हणून पाऊस चार दिवसांत कोसळतो आणि मग तीन आठवडे दडी मारतो. धरणाचं वेळापत्रक हवामान खात्याच्या अंदाजावर हलतं ठेवायला हवं, ही मागणी रास्तच आहे. पण तुमची लागण त्यावर अवलंबून ठेवू नका.

आणि नदीवरची पाण्याची मोटर. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याला पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट, धोका 43. इशाऱ्याची वाट बघत बसाल तर तुमच्या मळीची वाट तोवर पाण्याखाली जाईल. तिथं पाणी 35 फुटांवर आलं आणि घाटात पाऊस चालू असला, की मोटर आणि स्टार्टर दोन्ही वर काढा.