संकासुराची दाढी नि शेजारचे काका

शिमगा सरला की पोरांच्या भीतीची एक तक्रार येते, पाऊस लागला की दुसरी. मुळातला घोळ एकच, म्हणून उत्तरं एकदमच देतो.

छकुली नऊ महिन्यांची. मुंबईच्या आत्याला पाहून किंचाळते. दृष्ट लागली असेल का? (गुहागर)

नाही. या वयात ओळखीचा चेहरा नि परका चेहरा वेगळा कळू लागतो. आत्याने आल्याआल्या उचलून घेऊ नये.

चार वर्षांचा मुलगा शिमग्यातल्या संकासुराच्या सोंगाला घाबरला. आता शेजारच्या पांढऱ्या दाढीच्या काकांना आणि बैलाच्या घुंगरांनाही घाबरतो. सासूबाई म्हणतात, बाहेरचं काही लागलंय. (दापोली)

बाहेरचं काही नाही. काळा वेष, उंच टोपी, पांढरी दाढी, कमरेची घुंगरं. यातलं नेमकं कशाला घाबरायचं, हे एवढ्या पोराला वेगळं काढता येत नाही. ते सगळंच धोक्यात जमा करतं. 'दाढी तीच, पण हे आपले काका' ही पारख वयाबरोबर येते. १९२० मध्ये अमेरिकेत वॉटसन आणि रेनर या मानसशास्त्रज्ञांनी एका तान्ह्या मुलाला पांढरा उंदीर दाखवून मागे जोराचा आवाज केला. पुढे ते सशाला नि केसाळ कोटालाही घाबरू लागलं. (असला प्रयोग आज कुणी करू देणार नाही, हे बरंच.) १९२४ मध्ये मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला भिणाऱ्या मुलाला खाऊ देत देत ससा हळूहळू जवळ आणला, आणि भीती गेली.

तुम्हीही तेच करा. काका ओटीवर बसू देत, मुलगा माजघरातून आंबोळी खात बघू दे. चार दिवसांनी उंबऱ्यापाशी. ओढत न्यायचं नाही, आणि काका दिसले की कडेवर घेऊन आत पळायचंही नाही. पळालात की भीतीच खरी ठरते. आणि 'जेव, नाहीतर संकासूर येईल' हे आजपासून बंद! बागुलबुवा दाखवून घास भरवायचा आणि मग भीती घालवायला माझ्याकडे यायचं, याचा मला मनस्वी कंटाळा आलाय. महिनाभरात उतार नसेल किंवा झोप मोडत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

मुलगा १४ वर्षांचा. २०२१ च्या पुरात आम्ही माळ्यावर अडकलो होतो. अजून रात्री पाऊस लागला की दप्तर वर नेऊन ठेवतो, जागा राहतो. हे म्हणतात, मोठा झाला की विसरेल. ऑनलाइन भीतीवरचे थेंब मिळतात, मागवू का? (चिपळूण)

थेंब नकोत. बाटलीवर हसरं मूल छापलं म्हणून आतलं औषध होत नाही. आणि वाट पाहणंही पुरे. या वयात पाऊस वेगळा नि पूर वेगळा हे डोक्याला कळतं, पण बसलेली भीती किशोरवयात चिवट असू शकते. मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. तोवर मानसिक त्रासावर फोनवर मदत करणाऱ्या टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं.

कुत्रा चावल्यापासून मुलगी मांजरालाही घाबरते. (देवगड)

मांजराचं नंतर बघू. रेबीजच्या लसीचे सगळे डोस झाले का? नसतील तर हे वाचणं सोडा आणि आत्ताच दवाखान्यात जा.